विषय : खिडकी व्यवस्थापक निवडणे

सोमवार, ४ मार्च

आज मुख्यालयाचं पत्र आलं. आमच्या नोंदणी कार्यालयात मुख्यालयाचं पत्र येणं म्हणजे न सांगता पाहुणा येणं. आधी सगळे आवरायला लागतात, मग बघतात कोण आलंय ते.

"विषय : कार्यालयातील संगणकांवर लिनक्स प्रणाली बसविणे व खिडकी व्यवस्थापक निवडणे."

साहेबांनी विषय दोनदा वाचला आणि 'व' या अक्षराभोवती लाल गोल काढला. आमच्याकडे एक विषय, एक फाइल असा नियम आहे. विषयात 'व' दिसला की पत्राचे दोन भाग होतात. अकरा वर्षांपूर्वी 'पंखे दुरुस्ती व रजा' अशा विषयाचं पत्र पंख्यांच्या फाइलीत गेलं आणि एकाची उन्हाळ्याची रजा थंडीत मंजूर झाली, तेव्हापासून हा नियम आहे. त्याप्रमाणे पत्राचे पहिले तीन परिच्छेद 'संगणक' फाइलीत गेले. ती फाइल महिन्यातून एकदा येणारा संगणकवालाच उघडतो. उरलेले परिच्छेद 'आस्थापना' फाइलीत आले, कारण व्यवस्थापक म्हणजे माणूस, आणि माणसं आस्थापनेत बसतात. नक्कल मीच केली.

परिच्छेद चार असा आहे : "प्रत्येक शाखेने आपल्या गरजेनुसार एक खिडकी व्यवस्थापक निवडून ३० मार्चपर्यंत कळवावा. न कळविल्यास मुख्यालय आपल्या पसंतीचा बसवील."

आमच्याकडे चार खिडक्या आहेत. पहिली जन्म, दुसरी विवाह, तिसरी मृत्यू, चौथी नाव-पत्ता दुरुस्ती. मी तिसऱ्या खिडकीत सव्वीस वर्षं आहे. पहिल्या खिडकीतल्या बाईंना लोक जन्मबाई म्हणतात, चॉकलेटं देतात, बाळाचे फोटो दाखवतात. मला काय म्हणतात ते मला माहीत नाही असा सगळ्यांचा समज आहे. यमकाका म्हणतात.

पुढच्या फेब्रुवारीत मी निवृत्त होतोय. त्याआधी काही महिने तरी तिसऱ्या खिडकीतून उठावं, आणि एकदा, फक्त एकदा, कुणाची तरी चांगली बातमी लिहून घ्यावी, एवढीच इच्छा आहे. बदलीचे अर्ज दोनदा केले. दोन्ही वेळा उत्तर आलं की मृत्यूच्या खिडकीत मी शोभतो. खिडकी व्यवस्थापक मात्र चारही खिडक्यांमागे उभा राहू शकतो. मला ही जागा हवी आहे. इथे लिहितो, बोलणार कुठे नाही.

मंगळवार, ५ मार्च

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मीच सांगितलं.

चहाच्या वेळी साहेबांनी परिच्छेद पाच मोठ्याने वाचला. "खिडकी व्यवस्थापक हलका असावा. कमी स्मृती खाणारा असावा. जुन्या यंत्रांशी जुळवून घेणारा असावा. शक्यतो मूषकावाचून काम करू शकणारा असावा. वारंवार लटकणारा नसावा."

"कमी स्मृती खाणारा म्हणजे?" जन्मबाईंनी विचारलं.

"डोकं न खाणारा," चौथ्या खिडकीतले आप्पा म्हणाले. आप्पा दुरुस्तीला असल्यामुळे कशाचाही अर्थ लगेच लावून देतात.

सगळ्यांनी दुसऱ्या खिडकीतल्या विवाहरावांकडे पाहिलं. विवाहराव तेव्हा नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला लटकून गप्पा मारत होते. साहेबांनी "वारंवार लटकणारा नसावा" हे वाक्य पुन्हा एकदा वाचलं. विवाहरावांनी चौकट सोडली, पण उशीर झाला होता. एक प्रतिस्पर्धी कमी झाला.

मूषकाचं मात्र कोडं होतं. साहेब म्हणाले, "मुख्यालयाला आपल्या रेकॉर्ड खोलीतले उंदीर कळलेले दिसतायत." मूषकावाचून माझं आजवर काहीही अडलेलं नाही, असं मी तिथेच स्पष्ट केलं.

पुढे विचारलंय की व्यवस्थापक फरशी पद्धतीचा हवा की तरंगता. आप्पांच्या मते फरशी पद्धतीचा म्हणजे एका फरशीवर उभा राहणारा आणि तरंगता म्हणजे इकडेतिकडे फिरणारा. साहेब म्हणाले, "तरंगता नको. गेल्या वर्षी आपल्याकडे तरंगता शिपाई होता. मार्चमध्ये रुजू झाला आणि ऑगस्टमध्ये सापडला."

मी मनात फरशी ठरवून टाकली. जन्म आणि विवाह यांच्या मधोमध एक फरशी आहे, तिथून चारही खिडक्या दिसतात.

शुक्रवार, ८ मार्च

वजन ७८ किलो. 'हलका असावा' हे पत्रात पहिलंच लिहिलंय, म्हणजे ते महत्त्वाचं असणार. आजपासून जेवण निम्मं.

हिला सांगितलं. हिने आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं. थोरलीचे यजमान बँकेत व्यवस्थापक होते आणि ते गेली पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात मला भेटून "अजून तिथेच का?" असं विचारतात. ही फोनवर म्हणाली, "आमच्याकडेही आता व्यवस्थापकच." अजून कशात काही नाही, फाटक्यात पाय घालू नको, असं मी म्हणालो. पण आवाज जरा कमीच ठेवला.

जेवताना सूनबाईंनाही सांगितलं. आमचे चिरंजीव जहाजावर असतात, सहा महिने पाण्यावर. सूनबाई घरी बसून संगणकाचं काहीतरी करतात. त्यांच्या पडद्यावर कायम काळ्यावर पांढरी अक्षरं असतात, म्हणजे संगणक बहुतेक बिघडलेलाच असतो. मी कधी विचारलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, पण आमचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेवा" यापलीकडे फारसं गेलेलं नाही.

"बाबा, पत्र बघू का?" त्या म्हणाल्या.

मी नक्कल दिली. त्यांनी पाचवा परिच्छेद वाचला, तोंडाला रुमाल लावला आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. कुणाचं कशाने मन भरून येईल सांगता येत नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "हा माणूस नसतो हो."

"नसतोच," मी म्हणालो. "हलका, डोकं न खाणारा, जुन्याशी जुळवून घेणारा. असा माणूस आजकाल नसतोच. म्हणून तर मला संधी आहे."

"तसं नाही. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या उघडतात ना, चौकोन? त्या कुठे ठेवायच्या, कशा मांडायच्या, हे बघणारा एक प्रोग्राम असतो. त्याला..."

"संगणकाचा विषय वेगळ्या फाइलीत आहे," मी समजावलं.

ही मध्येच म्हणाली, "अगं, किती वर्षांनी हे जेवताना चार वाक्यं बोलतायत. बोलू दे की त्यांना."

सूनबाईंनी नक्कल घडी करून परत दिली. मोठ्यांना उलट बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.

सोमवार, ११ मार्च

घात झाला. पत्राच्या पाठच्या बाजूलाही मजकूर आहे.

"खिडकी व्यवस्थापकाऐवजी संपूर्ण मेजपृष्ठ पर्यावरण निवडण्याची मुभा राहील. मात्र त्यास अधिक जागा लागते, याची नोंद घ्यावी."

जन्मबाईंनी हे शोधून काढलं. त्यांचं म्हणणं, मेजपृष्ठ म्हणजे टेबलाचा वरचा भाग आणि पर्यावरण म्हणजे झाडं. मुख्यालय टेबलांवर झाडं ठेवायला परवानगी देतंय. व्यवस्थापक कशाला हवा? तो येऊन फक्त मागे उभा राहील. झाडं निदान हवा तरी देतात.

आप्पा म्हणाले, "झाडांना जागा जास्त लागते, हेसुद्धा लिहिलंय बघा. सगळं जुळतंय."

दुपारी जन्मबाई घरून सात कुंड्या घेऊन आल्या. त्यातल्या दोन माझ्या टेबलावर ठेवल्या. माझ्या खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांना माझा चेहराच दिसेना. ते पानांशी बोलले.

शुक्रवारी मतदान आहे, पर्यावरण की व्यवस्थापक. मी हताश झालो आहे. झाडाविरुद्ध मतं कशी मागायची?

बुधवार, १३ मार्च

वजन ७७. भूक फार लागते. आज दुपारी जन्मबाईंच्या कुंडीतलं एक पान खाण्याचा विचार मनात येऊन गेला. पर्यावरण निवडलं तर ते अंगाशी येईल, हे मनात नोंदवून ठेवलं.

विवाहरावांकडे मत मागितलं. ते म्हणाले, "मी तटस्थ." पण हे ते चौकटीला लटकून म्हणाले, म्हणजे राग अजून गेलेला नाही. आप्पा म्हणाले, "मत देईन, पण व्यवस्थापक झालात की चौथ्या खिडकीची कडी दुरुस्त करून द्यायची." दुरुस्तीच्या खिडकीची कडी गेली नऊ वर्षं मोडलेली आहे. मी शब्द दिला. मला कडी बसवता येत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

जिंकलो! तीन विरुद्ध दोन. तटस्थ विवाहरावांचं मत झाडांना गेलं.

खरं श्रेय माझं नाही, जन्मबाईंचंच आहे. मतदानाच्या अर्धा तास आधी त्यांनी झाडांना पाणी घातलं. साहेबांच्या मागच्या फळीवर ठेवलेल्या मोठ्या कुंडीला खालून भोक होतं. पाणी थेट साहेबांच्या खुर्चीवरच्या गादीवर गेलं. साहेब मतदानाला येऊन बसले आणि ताडकन उठले. त्यांनी मत उभ्यानेच दिलं. पर्यावरण तिथेच वाळलं.

जन्मबाई माझ्याशी बोलत नाहीत. जाताना फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्या मागे उभे राहणार, आणि माझ्याकडे बाळं येतात. लोकांना कसं वाटेल?"

हे मला लागलं. दिवसभर लागत राहिलं.

रविवार, १७ मार्च

आज एक नवल झालं. सूनबाई सकाळी चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. हातात वही होती.

"बाबा, तुम्ही व्यवस्थापक झालात तर खिडक्या कशा ठेवाल?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात तर नाहीच, पण ऑफिसातही नाही. मी आधी "बघू" म्हणालो. मग बोलायला लागलो आणि चहा गार झाला.

मी सांगितलं की पहिली चूक म्हणजे प्रत्येक खिडकीला एकच काम. वडील गेलेला माणूस माझ्याकडे येतो. कागदावर वडिलांचं नाव चुकलेलं असतं, मी त्याला चौथ्या खिडकीत पाठवतो. आप्पा म्हणतात, आधी लग्नाचा दाखला आणा, म्हणून तो दुसऱ्या खिडकीत जातो. तोपर्यंत माझी जेवणाची सुट्टी होते. एकदा एक माणूस चार खिडक्यांमध्ये इतका फिरला की शेवटी त्याने मलाच विचारलं, "नक्की कोण गेलंय?"

"मग काय करायला हवं?" सूनबाईंनी विचारलं.

"माणूस उभा आहे तिथेच राहावा. काम त्याच्याकडे सरकावं. चारही कामं एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी. एकावर एक ठेवायची नाहीत, खालचं दिसत नाही आणि मग ते वर्षभर राहून जातं. ज्याचं काम चालू आहे ते मोठं, बाकीची बारीक होऊन बाजूला. आणि मृत्यू कधी डाव्या कोपऱ्यात पहिला ठेवू नये. रोज सकाळी उघडल्या उघडल्या तेच का बघायचं माणसाने?"

त्या सगळं लिहून घेत होत्या. मध्येच विचारत होत्या, "आणि दोनच कामं उघडली तर?" "एखादं अडकलं तर?" इतके नेमके प्रश्न मुख्यालयाचा निरीक्षकही विचारत नाही. दीड तास गेला. ही दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

शेवटी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे फार सुंदर आहे."

माझं काम सुंदर असू शकतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी "हं" म्हणालो आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता.

गुरुवार, २१ मार्च

मुख्यालयाचा फॉर्म आला. माझी उत्तरं अशी.

नाव : लिहिलं.
आवृत्ती : पहिली. (याच्याआधी आमच्या घरात कुणी व्यवस्थापक झालेलं नाही.)
वजन : ७५ किलो, घट चालू आहे.
परवाना : आहे, दुचाकीचा.
कशावर अवलंबून आहे : पत्नी व सूनबाई.
देखभाल कोण करते : पत्नी.
चालू होण्यास लागणारा वेळ : दोन कप चहा.

सूनबाईंनी वाचलं आणि पुन्हा मोरीत जाऊन नळ सोडला. त्यांना काहीतरी सर्दीसारखं असावं. मग म्हणाल्या, "बाबा, अक्षर जरा खाली-वर झालंय. मी टाइप करून देते. सोबत एक पेनड्राइव्हही जोडू. त्यात तुमच्या कामाची सगळी माहिती आहे, तुम्ही रविवारी सांगितलेली."

मी कधीही न वाचता सही करत नाही. आज केली. चष्मा वरच्या खोलीत राहिला होता, हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या चार दिवस जेवायलाही उठत नव्हत्या, ताट वर न्यावं लागत होतं. माझ्या बढतीची त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त काळजी दिसते. माणूस उगाच दोन वर्षं फक्त चहा ठेवायला सांगत राहतो.

मंगळवार, २ एप्रिल

मंजूर! साहेबांनी पत्र सर्वांसमोर वाचलं.

"आपण पाठविलेला खिडकी व्यवस्थापक 'बाबा' तपासण्यात आला. तो वजनाने अत्यंत हलका आढळला. सलग बहात्तर तास चालवून पाहिला असता एकदाही लटकला नाही. सबब मंजुरी देण्यात येत आहे. ९ एप्रिल रोजी बसविण्यात येईल."

यावर मला तीन प्रश्न पडले. एक, घरी मला बाबा म्हणतात हे मुख्यालयाला कसं कळलं? गुप्त चौकशी झाली असणार. समोरच्या बंगल्यातले निवृत्त फौजदार परवा माझ्याकडे बघून हसले होते. दोन, मला बहात्तर तास कोण, केव्हा चालवून गेलं? मागच्या आठवड्यात मी खूप चाललो खरा, वजनासाठी. तेव्हाच मागावर माणूस ठेवला असेल. तीन, 'बसविण्यात येईल' म्हणजे खुर्चीही मिळणार का? मला वाटलं होतं उभंच राहावं लागेल.

विवाहरावांनी हात मिळवला. आप्पांनी कडीचं माप दिलं. जन्मबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

घरी आल्यावर ही दारातच म्हणाली, "थोरलीला फोन केला." ते मला ठाऊकच होतं, बँकेतल्या व्यवस्थापकांचा अभिनंदनाचा फोन वाटेतच येऊन गेला होता. ते म्हणाले, "उशिरा का होईना." नेहमी राग आला असता. आज नाही आला.

मंगळवार, ९ एप्रिल

काही लिहू नये असं वाटतंय. पण लिहिलं नाही तर उद्या मीच हे वेगळं आठवेन.

नवा शर्ट घातला होता. वजन ७३. साडेदहाला संगणकवाला आला, त्याने 'संगणक' फाइल उघडली आणि पहिले तीन परिच्छेद वाचले. ते आमच्यापैकी आजवर कुणीच वाचले नव्हते. मग म्हणाला, "चला, बाबाला बसवू या."

मी पुढे झालो. नमस्कार केला.

तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, मला संगणकाची वायर घ्यायची आहे."

आप्पांनी त्याला विचारलं, "हे बसणार कुठे?" तो म्हणाला, "चारही मशीनवर." आप्पा म्हणाले, "एकाच वेळी?" मग त्या मुलाने सगळ्यांकडे पाहिलं, टेबलावरचं आस्थापनेचं पत्र वाचलं आणि हसू लागला. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याने नीट समजावून सांगितलं. खिडकी म्हणजे पडद्यावरचा चौकोन. मूषक म्हणजे माउस, स्मृती म्हणजे मेमरी. लटकणं म्हणजे संगणक थिजून बसणं. फरशी पद्धत म्हणजे चौकोन फरश्यांसारखे शेजारी शेजारी लावणं. पर्यावरणाबद्दल जन्मबाईंनी स्वतः विचारलं, आणि 'तो आणखी मोठा प्रोग्राम, अख्खा पडदा सांभाळणारा' हे उत्तर ऐकून खाली बसल्या.

साहेबांनी विषयातल्या 'व' कडे बराच वेळ पाहिलं. "या 'व' ने घात केला," एवढंच म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. विवाहरावांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी म्हणालो, "नको, माझी आहे," आणि तिसऱ्या खिडकीत जाऊन बसलो. समोर एक बाई आल्या, त्यांची आई गेली होती. मी फॉर्म भरून घेतला. त्यांना माझ्या शर्टाचं काय असणार.

घरी काय सांगायचं? थोरलीला काय सांगायचं? हे दोन प्रश्न बसमध्ये सोबत होते.

बुधवार, १० एप्रिल

घरी सांगितलं. काल नाही, आज सकाळी. हिने आधी ताट वाढलं. मग म्हणाली, "पोटभर जेवत नव्हता महिनाभर. आज तरी नीट जेवा." थोरलीचा विषयही काढला नाही. बत्तीस वर्षांत असं एकदाच झालं आहे.

सूनबाई जिन्यात उभ्या होत्या. मी म्हणालो, "तुला सगळं माहीत होतं."

पहिल्यांदाच त्यांना 'तुला' म्हणालो, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

"मी सांगायला बघितलं, बाबा. पण तुम्ही इतके खूश होता. आणि तुम्हाला खोटं कसं पाडायचं, ते मला कळेना. मग म्हटलं, ते खरंच करून टाकू."

"म्हणजे?"

"तो प्रोग्राम मी लिहिला. तुम्ही सांगितलात, मी लिहिला. माझं कामच आहे ते."

मी विचारलं की ते काळ्यावर पांढरं दिसतं, ते संगणक बिघडल्यामुळे नसतं का. नाही म्हणाली. तेच तिचं लिहिणं असतं म्हणे. जगभरचे लोक ते वाचतात, चुका काढतात, वापरतात. दोन वर्षं मी एका लेखकाला संगणक दुरुस्तीवाली समजत होतो.

"आणि नाव 'बाबा' का?"

"कारण त्यातला विचार तुमचा आहे. माझं नाव घालायला लाज वाटली असती."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हणालो, "चहा ठेवू का?"

"ठेवा," ती म्हणाली. मी चहा केला. फार वाईट झाला. दोघंही प्यायलो.

शुक्रवार, १२ एप्रिल

बाबा चालू आहे. चारही पडद्यांवर सकाळी आधी 'बाबा सुरू होत आहेत' असं येतं, मग चार चौकोन शेजारी शेजारी उघडतात. मृत्यू उजवीकडे खाली. ठरवलं होतं तसंच.

पण एक घोटाळा झाला. अकराच्या सुमारास आप्पांच्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि त्यांचा पडदा काळा झाला. आप्पा जागेवरून ओरडले, "बाबा गेले!"

सगळं ऑफिस भरलेलं. रांगेतले लोक एकदम गप्प. तिघांनी टोप्या काढल्या. जन्माच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "धीर धरा हो. कधी?" आप्पा म्हणाले, "आत्ताच. चांगले चालू होते." आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विवाहराव मदतीला धावले आणि त्यांनी आणखी वाट लावली. "काळजी करू नका, आमच्याकडे अजून तीन आहेत," म्हणाले.

शेवटी सगळ्यांनी आप्पांना तिसऱ्या खिडकीत, माझ्याकडे, दाखल्यासाठी आणलं. मी घरी फोन लावला. सूनबाई म्हणाली, "बटण धरून पुन्हा चालू करा." बाबा उठले. आजीबाई अजूनही विश्वास ठेवायला तयार नाहीत.

जन्मबाई हसता हसता टेबलावर डोकं ठेवून बसल्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "अहो, ते मागे उभं राहण्याचं मी उगाच बोलले. राहा की उभे." मी म्हणालो, आता गरज नाही, मी तुमच्या पडद्यावरच आहे. त्यावर त्यांनी मला एक चॉकलेट दिलं. खाल्लं.

सोमवार, १५ एप्रिल

आज सकाळी जन्माच्या रांगेत पंधरा माणसं होती आणि माझ्यासमोर एकही नव्हतं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "आता कुठल्याही खिडकीत कुठलंही काम होतं. मोकळी असेल तिथे जा." रांग हलली नाही. तिसऱ्या खिडकीवरची पाटी वाचून लोक पुन्हा जन्माच्या रांगेतच उभे राहिले. मला ते समजतं.

एक तरुण मात्र आला. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, डोळे तारवटलेले. त्याने पाटी वाचलेलीच नसावी. मीही त्याच्या हातातला कागद पाहिला नाही. सव्वीस वर्षांची सवय. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बसा. पाणी घ्या. कधी झालं?"

"काल पहाटे. चार वाजून दहा मिनिटांनी."

"घरी की दवाखान्यात?"

"दवाखान्यात."

"आधीपासून त्रास होता का?"

"नऊ महिने."

"बरंच सोसलं म्हणायचं."

"हो ना. तिची कमाल आहे."

"वय?"

तो जरा गोंधळला. "एक दिवस," म्हणाला.

मी चष्म्यावरून वर पाहिलं. तो कागद जन्माचा होता. "मुलगी आहे," तो म्हणाला, आणि आपण आत्तापर्यंत कशाची उत्तरं देत होतो ते त्याच्या लक्षात आलं. तो हसायला लागला, इतका की खिडकीची कड धरावी लागली. मग मीही हसलो.

पडद्यावर जन्माचा चौकोन मोठा झाला, बाकीचे तिघे बाजूला सरकले. मी वेळ लिहिली, वजन लिहिलं, आईचं नाव लिहिलं. प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं. बाळाचं नाव अजून ठरलेलं नव्हतं. मी म्हणालो, सावकाश ठरवा, काही घाई नाही. माझ्या खिडकीत घाई नाही असं म्हणायलाही आज पहिल्यांदाच मिळालं.

दाखला छापून त्याच्या हातात दिला. तो निघाला. इतर खिडक्यांमध्ये माणूस निघाला की दोन शब्द सहज बोलतात. मला ते कधीच बोलता आले नाहीत. एकदा नोकरीच्या पहिल्या आठवड्यात चुकून बोललो होतो, तर त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढची सव्वीस वर्षं ते दोन शब्द तोंडाशी आले की गिळत आलो.

तो दारापर्यंत पोचला होता. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "पुन्हा या!"